उन्हाळ्यातला लग्नाचा वाढदिवस आणि दोघांचे दोन तास

विदर्भातल्या खेड्यांमध्ये पुष्कळशी लग्ने एप्रिल-मे महिन्यांत लागतात, कारण तेव्हा वावरे रिकामी असतात, तूर-हरभरा घरात आलेला असतो आणि पाहुण्यांनाही सवड असते. त्यामुळे लग्नाचा वाढदिवसही त्याच दिवसांत येतो आणि तीन अडचणी दरवर्षी सोबत घेऊन येतो. पारा ४५ अंशांच्या घरात गेलेला असतो, हातातला पैसा बियाणे-खतासाठी राखून ठेवावा लागतो आणि नेमके त्याच तारखेला भावकीत कोणाचे तरी लग्न निघते. मेणबत्त्यांच्या उजेडातले जेवण किंवा हॉटेलातली खोली या शहरी सूचना अशा वेळी फारशा उपयोगाच्या नसतात. मी स्वतः एका वर्षी तालुक्याहून मोटारसायकलवर केक आणला होता. भर मे महिन्यातल्या बावीस किलोमीटरनंतर डबा उघडला तेव्हा त्यात गुलाबी रंगाचे पातळ पिठले होते, आणि ते चमच्याने खाताना आमची सौभाग्यवती जितकी हसली तितकी ती केक धड असता तर हसली नसती. तरीही ज्या ऋतूत लोणी ताटात टिकत नाही, त्या ऋतूत केकच्या मागे लागू नये, एवढा धडा मी घेतला.

सुरुवात दिवस ठरवण्यापासून करावी. तारखेला अडचण असेल तर तिथीने वाढदिवस करण्यास काहीच हरकत नाही. लग्न तिथी-मुहूर्त पाहून लागलेले असल्यास तो दिवसही तितकाच खरा असतो. तिथी दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकते, अधिक महिना आला की पुन्हा पुढे जाते, आणि एकोणीस वर्षांनी तारीख व तिथी जवळजवळ एकाच दिवशी येतात. उदाहरणार्थ, २००६ साली अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला होती आणि २०२५ सालीही ती ३० एप्रिललाच आली. म्हणजे २००६च्या अक्षय्य तृतीयेला बोहल्यावर उभ्या राहिलेल्या जोडप्याला २०२५ साली त्याच तारखेला, चंद्राच्या त्याच कोरीखाली बसता आले असते. पंचविसाव्या वर्षाचा गाजावाजा सगळेच करतात, पण या एकोणिसाव्या वर्षाकडे कोणाचे लक्ष जात नाही. आपल्या लग्नाची तिथी पत्रिकेवरून शोधून काढून हा दिवस आधीच कॅलेंडरवर नोंदवून ठेवला, तर त्यासारखी गोड गोष्ट दुसरी नाही, आणि तिला एक पैसाही लागत नाही.

पैशांची तजवीज मात्र मे महिन्यात करू पाहणे चुकीचे आहे. कापसाचा चुकारा दिवाळीनंतर हाती येऊ लागतो, तेव्हाच त्यातले पाचशे-हजार रुपये बाजूला काढून डब्यात ठेवावेत. खरिपाच्या तोंडावर उसनवारी करून आणलेली साडी नेसताना बायकोला आनंदापेक्षा हिशेबच जास्त आठवतो, असे माझे निरीक्षण आहे.

आता सगळ्यांत अवघड गोष्टीकडे वळतो. एकत्र कुटुंबात नवराबायकोला दिवसभरात सलग दहा मिनिटेही बोलायला मिळत नाहीत. सकाळी गोठा, पाणी, चूल आणि मुलांची आंघोळ, दुपारी उन्हामुळे घरातली सगळी माणसे एकाच थंड खोलीत, आणि रात्री अंगणात ओळीने टाकलेल्या बाजा, अशा घरात एकांत आपसूक मिळत नाही, तो मागून घ्यावा लागतो. म्हणून भेटवस्तूच्या आधी दोन तासांची सोय करावी, आणि ती मागण्याचे काम नवऱ्याने करावे. सुनेने सासूला असे विचारणे आपल्याकडे अजूनही जड जाते, पण मुलाने आदल्या आठवड्यात आईजवळ बसून, "आई, येत्या शनिवारी सायंकाळी आम्ही दोघं वावरात जाऊन येतो, लेकरांकडे तू पाहशील का?" एवढे सरळ विचारले तर बहुतेक आया नाही म्हणत नाहीत; उलट त्यांना आपलाही काळ आठवतो. लपूनछपून, खोटे निमित्त सांगून जाऊ नये, कारण खेड्यात अशी गोष्ट सायंकाळपर्यंत पारावर पोहोचते.

त्याच दिवशी सकाळची कामे नवऱ्याने उचलावीत. "आज तू आराम कर" असे नुसते म्हटल्याने शेण आपोआप निघत नाही आणि रांजण भरत नाही. पहाटे पाचला उठून गोठा झाडणे, नळ आला असेल तर पाणी भरणे, चहा करून तिच्या हाती देणे, हे सगळे घरातल्यांसमोर करण्याची तयारी हवी. पहिल्या वर्षी थट्टा होते, दुसऱ्या वर्षी कमी होते.

वेळ मिळाल्यावर त्या वेळेत करायचे काय, यासाठी माझी पहिली सूचना लग्नातल्या भांड्यांची आहे. आपल्याकडे आहेरात मिळालेल्या पाण्याच्या पितळी गुंडावर, स्टीलच्या ताटावर किंवा डब्यावर देणाऱ्याचे नाव आणि लग्नाची तारीख कोरून घेण्याची पद्धत होती, आणि पुष्कळ घरांत ही भांडी फळीवर उलटी पडून असतात. ती आदल्या दिवशी खाली काढावीत, पितळेला चिंच-मीठ लावून घासावीत आणि वाढदिवसाचे जेवण त्यांतच वाढावे. त्यासोबत आहेराची वही शोधावी. ही वही सहसा सासऱ्यांच्या पेटीत, सातबाऱ्याच्या उताऱ्यांखाली सापडते. आपल्या लग्नात मामांनी किती दिले, शेजारच्या गावच्या आत्याबाईंनी अकरा रुपये आणि खण दिला, कोणी नुसते "एक गडवा" लिहून घेतले, हे दोघांनी मिळून मोठ्याने वाचावे. अर्धी नावे आता या जगात नसतात. काही नावांवरून लग्नाच्या दिवशीची भांडणे निघतात, काहींवरून हसू येते, आणि कोणत्या आहेराची परतफेड राहून गेली आहे हेही लक्षात येते. दोन तास त्यातच सरतात. वहीचे कागद जीर्ण झाले असल्यास मोबाइलवर प्रत्येक पानाचे फोटो काढून ठेवावेत. लग्नाची व्हिडिओ कॅसेट असेल तर तीही तालुक्याच्या स्टुडिओत देऊन पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावी, कारण दमट पावसाळ्यात तिच्या फितीला बुरशी धरते आणि मग काहीच निघत नाही.

जेवणासाठी रोडगे हा उत्तम बेत आहे, कारण विदर्भात रोडगे करणे हे पुरुषांनाही येणारे काम आहे. देवाच्या नवसाला शेकडो रोडगे भाजणारे हात बायकोसाठी चार भाजू शकतात. जाडसर दळलेल्या कणकेत मीठ, ओवा आणि तेलाचे मोहन घालून ती घट्ट मळावी, छोट्या पोळ्या लाटून त्यांना तेल लावावे आणि एकीत एक गुंडाळत तीन-चार थरांचा गोळा करावा. गोवऱ्यांचा धूर संपून निखारे लाल झाले की गोळे त्यात ठेवावेत आणि उलटत-पालटत अर्धा-पाऊण तास भाजावेत. मग राख झटकून, फोडून, तुपात बुडवून वांग्याच्या भाजीसोबत द्यावेत. भाजीवर सांबार, म्हणजे कोथिंबीर, भरपूर असावा. विस्तव वावरात पेटवायचा असेल तर कुटाराचा (भुशाचा) ढीग आणि कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांपासून तो लांब ठेवावा, शेजारी पाण्याची बादली भरून ठेवावी, आणि वारा सुटला असेल तर बेत सरळ घराच्या अंगणात हलवावा. मोगऱ्याचा गजरा सकाळीच आणून ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवला की सायंकाळपर्यंत ताजा राहतो.

बोलून दाखवणे ज्यांना जमत नाही त्यांनी पत्र लिहावे. पत्राच्या बाबतीत आपल्या मुलखाचा मान मोठा आहे. विदर्भाची राजकन्या रुक्मिणी हिने श्रीकृष्णाला पाठवलेला निरोप भागवताच्या दहाव्या स्कंधात सात श्लोकांत आला आहे, आणि त्यात आधी बोलली ती ती स्वतः. म्हणून पत्र नवऱ्यानेच लिहावे असे नाही. काय लिहावे हे सुचत नसेल तर सप्तपदी आठवावी: तिच्यातले सहावे पाऊल ऋतूंसाठी टाकलेले असते. गेल्या वर्षीच्या पेरणीत, कापूस वेचणीत, आजारपणात, लेकीच्या परीक्षेच्या दिवसांत दुसऱ्याने आपल्यासाठी काय केले, ते ऋतूवार लिहिले की दीड पान सहज भरते. ज्यांचे लग्न बौद्ध पद्धतीने लागले त्यांनी त्या वेळी दोघांनी घेतलेल्या प्रतिज्ञा समोर ठेवून लिहावे. नाव घेण्याची रीतही एका बाजूची ठेवू नये. त्या दिवशी नवऱ्याने सर्वांसमोर नाव घ्यावे, जसे की, "दहिवराने भिजली वावरातली पऱ्हाटी, अमुकचं नाव घेतो तिच्या हसण्यासाठी." उखाणा थोडा ओबडधोबड असला तरी चालतो.

बाहेर जायचे ठरवल्यास मे महिन्यात चिखलदरा सर्वांत सोयीचे आहे, कारण ते सुमारे १,१०० मीटर उंचीवर असल्याने तिथली सायंकाळ सुसह्य असते. मात्र शनिवार-रविवारची गर्दी टाळावी. एका दिवसात जाऊन यायचे असेल तर अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीकाठी असलेले कौंडण्यपूर, म्हणजे रुक्मिणीचे माहेर, पती-पत्नींनी मिळून पाहावे असे ठिकाण आहे. लोणारचे सरोवर पहाटे पाहून ऊन चढण्याआधी वर यावे. ज्यांचे लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या मोसमात झाले, त्यांची सोय अधिक चांगली: तेव्हा हवा गार असते, वरुड-मोर्शीकडे आंबिया बहाराची संत्री उतरत असतात आणि थोड्याच दिवसांत हुरडाही सुरू होतो.

वस्तूच द्यायची असेल आणि हंगाम बरा गेला असेल, तर भंडारा जिल्ह्यात हातमागावर विणली जाणारी टसरची करवत काठी साडी द्यावी. तिच्या काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी असते आणि तिला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. ती विणकराकडे प्रत्यक्ष जाऊन, बायकोला सोबत नेऊन, तिच्याच पसंतीने घ्यावी.

आईवडिलांचा पंचविसावा किंवा पन्नासावा वाढदिवस मुलांनी करायचा असेल, तर चौकातले फ्लेक्स आणि डीजे यांचा विचार करण्याआधी त्या दोघांना वेगवेगळे बसवून काय हवे ते विचारावे, कारण एकमेकांसमोर दोघेही "काही नको" एवढेच म्हणतील. बहुतेकदा त्यांना माणसे हवी असतात. तेव्हा आहेराची वही पुन्हा काढावी, तिच्यातली जी माणसे हयात आहेत त्यांची यादी करावी आणि त्यांना फोनवर न कळवता घरी जाऊन बोलावणे द्यावे. थकलेल्यांना आणण्या-नेण्यासाठी गाडी सांगून ठेवावी, आणि मंडप कितीही मोठा असला तरी पंगत सूर्य मावळल्यावरच बसवावी.