गणपतीला निघायच्या आधी: चावी, सेल आणि बॅटरी

आमच्या फ्रिजवरच्या यादीत कापूर, वाती, मखराचं सामान, आईच्या गोळ्या असं सगळं असायचं. गाडीच्या चावीचं नाव नसायचं, कारण ती काय, खिशातच असते. दोन वर्षांपूर्वी देवगडला निघालो तेव्हाची गोष्ट. पहाटेचे साडेतीन, नेरुळच्या सोसायटीचं स्टिल्ट पार्किंग, डिकी गच्च. बटण दाबलं तर आधी 'चावी सापडत नाही', मग नुसती टकटक. मी रिमोट उघडला, सेल पुसला, फुंकर मारली, परत बसवला. अर्ध्या तासाने वॉचमनकाका म्हणाले, "साहेब, आतला दिवा बघा की, पणतीसारखा झालाय." चावी ठणठणीत होती, बॅटरी उतरली होती.

आता पंधरा दिवस आधी सुरुवात बॅटरीपासून होते. मी ऑफिसला लोकलने जातो, गाडी फक्त रविवारी भाजीला निघते. सेल्फ मारताना जेवढी वीज जाते, तेवढी दहा मिनिटांच्या फेरीत भरून येत नाही, शिवाय गाडीतलं घड्याळ आणि अलार्म उभ्या गाडीतही थोडं थोडं खातच असतात. म्हणून आठवड्यातून एकदा पाम बीच रोडवर अर्धा-पाऊण तास चक्कर. (घरात याला 'बॅटरीचं निमित्त' म्हणतात.) रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला सकाळी मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावायचा. 12.6 व्होल्टच्या आसपास आकडा आला तर भरलेली, 12.2 म्हणजे साधारण निम्मी, 12 च्या खाली गेला तर निघायचा विचार सोडा. इंजिन चालू असताना 14 च्या जवळपास दिसायला हवा. नाही दिसला तर नवी बॅटरी घालूनही उपयोग नाही, अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा भाग) दाखवा. बॅटरी चार वर्षांची झाली असेल तर मी वाट बघत नाही, बदलतो.

बोनेट उघडलंच आहे तर टर्मिनलवर पांढरी-हिरवट बुरशीसारखी पूड साचलीय का बघा. असेल तर काळी वायर आधी काढायची, मग लाल. खायचा सोडा कोमट पाण्यात घालून जुन्या ब्रशने घासायचं, कोरडं करून आधी लाल जोडायची. उंदरांनी वायर कुरतडलीय का तेही तेव्हाच दिसतं.

मग चावी. रिमोटमधला गोल सेल बहुतेक वेळा सीआर 2032 असतो, पण जुन्यावरचा नंबर वाचूनच घ्या, आणि जादा सेल लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा, गिळला तर फार वाईट. बटणवाल्या गाडीच्या रिमोटमध्ये लोखंडी चावी लपलेली असते. ती एकदा घरीच बाहेर काढून दार उघडून बघा. काही गाड्यांत कुलपाचं भोकच हँडलवरच्या टोपणाखाली असतं आणि ते पावसात, अंधारात शोधणं म्हणजे शिक्षा. सेल संपला तरी बऱ्याच गाड्यांत रिमोट थेट स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबलं की गाडी सुरू होते. कुठे टेकवायचा ते गाडीच्या पुस्तकात असतं. फिरवायच्या चावीतल्या चिपला तर सेलच लागत नाही. पण नाक्यावरच्या चावीवाल्याने नुसती घासून दिलेल्या चावीत ती चिप नसते, म्हणून ती दार उघडते, पण इमोबिलायझर (चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारी यंत्रणा) असलेली गाडी सुरू करत नाही.

चावी फिरतच नसेल तर जोर लावू नका. स्टेअरिंग लॉक झालेलं असतं, ते डावी-उजवीकडे हलवत चावी फिरवा. ऑटोमॅटिक असेल तर गिअर पी मध्ये आहे ना, ब्रेकवर पाय आहे ना, हे आधी.

जंपर केबल (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवर आपली गाडी सुरू करायच्या वायरी) स्वतःची, जाड घ्या. लाल आधी आपल्या उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग दुसऱ्या गाडीच्या प्लसला. काळी तिच्या मायनसला, आणि शेवटचं टोक आपल्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. काढताना उलट क्रम. धक्का स्टार्ट फक्त मॅन्युअल गाडीला. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारूच नका, पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर इंजिनच जातं.

विम्याच्या मदतकेंद्राचा नंबर कागदावर लिहा, बेसमेंटमध्ये रेंज मिळेलच असं नाही. दुसरी चावी हरवली असेल तर आताच पोलिसांत नोंद करा. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते.

निघायच्या आदल्या रात्री गाडी एकदा सुरू करून बघायची. आणि दुसरी चावी आईच्या बटव्यात. बटवा तिच्या हातात, डिकीतल्या बॅगेत नव्हे. तो प्रयोग गेल्या वर्षी झाला.