नवीन बॅटरी घ्यायच्या आधी: गाडीची बॅटरी चार्ज का होत नाही ते घरीच कसं शोधायचं

गाडीने सेल्फ घेतला नाही की शेजारी, वॉचमन, कोपऱ्यावरचा मेकॅनिक सगळ्यांचं एकच, बॅटरी गेली, नवीन टाका. मग नवी बॅटरी येते आणि आठवड्याभरात गाडी परत उभी, कारण जुनी बॅटरी ठीकच होती, तिला चार्जिंगच मिळत नव्हतं. बॅटरी ही टाकी आणि अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या जोरावर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर, हा पंप समजा. टाकी रिकामी दिसली म्हणजे टाकीच फुटलीय असं नाही, पंप बंद असेल, मधला पाइप तुंबला असेल किंवा कुठेतरी नळ चालू राहिला असेल. चारही गोष्टी घरी तपासता येतात. एक डिजिटल मल्टिमीटर पाहिजे, साधा चालतो, काही शे रुपयांत मिळतो, आणि १० नंबरचा पाना.

हे सगळं साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांसाठी आहे बरं का. इलेक्ट्रिक किंवा स्ट्राँग हायब्रिड असेल तर केशरी रंगाच्या वायरींना हात लावू नका, सरळ सर्व्हिस सेंटर गाठा.

१. आधी नुसतं बघा

इंजिन बंद ठेवून बोनट उघडा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर जमलीय का, आणि टर्मिनल हाताने हलतंय का? हलायला अजिबात नको. कोकणात, किनारपट्टीला किंवा पावसाळ्यानंतर हा प्रकार हमखास दिसतो. साफ करायचं तर आधी मायनस काढा मग प्लस, आणि लावताना उलट, आधी प्लस मग मायनस, म्हणजे पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी उडत नाही. गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा (सोड्याचं पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका), पुसून कोरडं करा, घट्ट लावा आणि वरून व्हॅसलीन. बऱ्याच गाड्यांचा आजार इथेच संपतो.

मग अल्टरनेटर फिरवणारा बेल्ट बघा. तडे गेलेत का, गुळगुळीत होऊन चकाकतोय का. गाडी चालू करताना किंवा पावसात चीं-चीं आवाज येत असेल तर बेल्ट घसरतोय आणि अल्टरनेटर पुरेसा फिरत नाही. बेल्ट आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) बदलून आवाज गेला तर आधी मीटर लावून बघा, अल्टरनेटर खोलायची घाई नको.

डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवाही नीट वाचा. इग्निशन ऑन केल्यावर तो लागला पाहिजे आणि इंजिन चालू झालं की विझला पाहिजे. चालू गाडीत पेटला तर चार्जिंग बंद आहे, एसी, म्युझिक बंद करा आणि जवळच्या गॅरेजपर्यंत जा, कारण आता गाडी फक्त बॅटरीवर चालतेय. त्यात टेम्परेचरही चढायला लागलं तर मात्र जागच्या जागी थांबा, बेल्ट तुटला असणार आणि काही गाड्यांत वॉटर पंपही त्याच बेल्टवर असतो.

२. बंद गाडीचा व्होल्टेज

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, लाल प्रोब प्लसला, काळा मायनसला. गाडी रात्रभर उभी असताना सकाळी मोजलेलं सगळ्यात खरं, नुकती चालवून आल्यावर आकडा खोटाच चांगला दिसतो. १२.६ च्या आसपास म्हणजे फुल, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली गेली की जवळपास रिकामी.

आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकड्यावर लक्ष ठेवा. तो खाली येणारच, पण साधारण ९.६ च्या खाली कोसळला तर बॅटरी डिस्चार्ज आहे नाहीतर मेलीय. आधी बाहेरच्या चार्जरने सावकाश पूर्ण चार्ज करून परत बघा, करंट बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या भागाइतका, म्हणजे ४५ एएचला (अँपिअर-अवर, बॅटरीवर लिहिलेली क्षमता) साडेचार अँपिअर. चार्ज करताना त्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून उघड्या हवेत करा आणि जवळ सिगरेट नको. फुल चार्जनंतरही तेच झालं तर खुशाल बदला, तीन-चार वर्षं झाली असतील तर तिचं काही चुकलेलं नाही. पण सेल्फ नुसता टक करतोय आणि व्होल्टेज १२ च्या वरच राहतंय, तर बॅटरीला दोष देऊ नका, सेल्फ किंवा त्याची वायर बघा.

३. चालू गाडीचा व्होल्टेज

खरी टेस्ट ही. इंजिन चालू करून बॅटरीवरच मोजा. १३.८ ते १४.५ च्या मध्ये आलं तर अल्टरनेटर काम करतोय. मग हेडलाइट, एसीचा ब्लोअर, मागच्या काचेचा डिफॉगर सगळं लावा आणि रेस थोडी वाढवा, तरी १३.५ च्या आसपास टिकलं पाहिजे. १२.५ वरून हळूहळू खालीच जात राहिलं तर चार्जिंग नाही. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर, ज्याला जुने वायरमन कट-आउट म्हणतात, तो गेलाय. अशी गाडी तशीच चालवली तर बॅटरीतलं पाणी उडतं, कुजक्या अंड्यासारखा वास येतो, बॅटरी फुगते.

नव्या गाडीवाल्यांनी मात्र इथे घाबरू नये. आताच्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर कॉम्प्युटरच्या हुकमावर चालतो, मायलेज वाचवायला मुद्दाम चार्जिंग कमी करतो, त्यामुळे मीटरवर १२.८ दिसलं म्हणजे बिघाडच असं नाही. हेडलाइट लावा, ब्रेक मारत थोडी चालवा, व्होल्टेज वर जातंय ना ते बघा.

आणि एक गोष्ट कुणीही कितीही आत्मविश्वासाने सांगितली तरी करू नका, चालू इंजिनात बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर तपासणे. कार्बोरेटरच्या जमान्यात खपून गेलं, आता त्या झटक्याने ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, उडू शकतो आणि त्याच्या खर्चात कितीतरी बॅटऱ्या येतील.

४. अल्टरनेटर की वायर?

चार्जिंग कमी आहे म्हणून लगेच अल्टरनेटर उतरवू नका, आधी मधला रस्ता तपासा. इंजिन चालू, हेडलाइट चालू, लाल प्रोब अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरीच्या बोल्टला आणि काळा बॅटरीच्या प्लसला (प्रोब, हात, ओढणी, बाही बेल्टपासून लांब). फरक ०.२-०.३ व्होल्टच्या आत हवा. मग अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचं मायनस, इथे तर ०.१-०.२ च. जास्त आलं तर वायर, फ्यूजिबल लिंक (जाड वायरीतला मोठा फ्यूज) किंवा अर्थ खराब. इंजिन ते बॉडीची अर्थ पट्टी गंजणं हा फार कॉमन आणि फार स्वस्त बिघाड आहे, पण तिच्याकडे कुणी बघत नाही.

वायरी ठीक असतील तर दोष अल्टरनेटरचा. तरी नवाच घ्यायला हवा असं नाही, चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन कार्बन, रेग्युलेटर, डायोड प्लेट, बेअरिंग सुटं बदलून देतो. घुर्रर्र आवाज असेल तर बेअरिंग, लाइट फडफडत असतील तर डायोडचा संशय. उतरवायच्या आधी बॅटरीचं मायनस काढा, कारण त्या जाड वायरीत बंद गाडीतही करंट असतो.

५. रात्रीतून बॅटरी उतरते

वरचं सगळं बरोबर आणि तरी दोन दिवस उभी गाडी बंद पडते? मग कुणीतरी करंट खातंय. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला, मायनस टर्मिनल काढून टर्मिनल आणि बॅटरी यांच्यामध्ये मीटर जोडा, दारं बंद, कीलेस चावी लांब ठेवा आणि अर्धा तास थांबा, कारण गाडीचे कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात. मीटर लागलेला असताना सेल्फ मारायचा नाही, इग्निशनही नाही, मीटरचा फ्यूज उडेल. ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक. अर्धा अँपिअर जात असेल तर दिवसाला १२ एएच गेले, ४५ ची बॅटरी दोन-तीन दिवसांत सेल्फ घेणार नाही. आता एकेक फ्यूज काढत जा, ज्याच्यावर आकडा धपकन पडला त्या लाइनवर चोर. बाहेरून लावलेला डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, म्युझिक सिस्टीम, डिकीचा न विझणारा दिवा, हे नेहमीचे संशयित. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला तर अल्टरनेटरची जाड वायर सोडून बघा, डायोड लीक असेल तर तिथे सापडतो.

यातलं काहीच सापडलं नाही आणि तुमचं रोजचं जाणं-येणं दोन-तीन किलोमीटर ट्रॅफिकमधलं असेल, तर बिघाड नाहीच, सेल्फने जेवढं खाल्लं तेवढं भरून यायला वेळच मिळत नाही. आठवड्यातून एकदा हायवेवर तासभर चालवून आणा.