अमेरिकेत फॅमिली डॉक्टर आणि स्पेशालिस्ट यांच्या पगाराची तुलना कशी करावी

रेसिडेन्सी (डॉक्टर झाल्यावरचे रुग्णालयातील प्रशिक्षण) संपत आली की ऑफर लेटरवरचा वार्षिक आकडा आधी नजरेत भरतो, आणि हृदयरोग किंवा नेत्रशल्यचिकित्सा निवडलेल्या मित्राचा आकडा ऐकून फॅमिली मेडिसिनवाल्याला आपण चुकलो असे वाटू लागते. तुलना करायचीच असेल, तर आधी त्या आकड्यामागचे माप पाहावे.

मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीची अमेरिकेची सरकारी आरोग्यविमा योजना, 1992 पासून वैद्यकीय सेवांचे मोल ‘रिलेटिव्ह व्हॅल्यू युनिट’मध्ये मोजते. त्यातील डॉक्टरच्या श्रमाच्या भागाला ‘वर्क आरव्हीयू’ म्हणतात आणि अनेक रुग्णालये कामाप्रमाणे मिळणारा पगार त्यावरच बेततात. 2021 च्या तक्त्यात जुन्या रुग्णाच्या 20 ते 29 मिनिटांच्या तपासणीला 1.30 युनिट होते (त्याआधी तर 0.97 च), तर मोतीबिंदूच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेला 7.35. या 7.35 मध्ये पुढच्या 90 दिवसांच्या फेरतपासण्याही धरलेल्या असतात, हे विसरू नये. तरीही दरी उरतेच. हे मोल सुचवणाऱ्या अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या समितीत स्पेशालिस्टांचे बहुमत आहे, हा निव्वळ योगायोग मानायला मी तयार नाही.

करार हाती आला की हमीचा पगार किती काळापुरता आहे, बोनस किती युनिटनंतर सुरू होतो आणि युनिटचा दर काय, हे लेखी मागावे. मग स्वतः हिशेब मांडावा. समजा, रोज 18 रुग्ण, प्रत्येकी 1.30 युनिट आणि वर्षाचे 210 दिवस धरले, तर 4,914 युनिट होतात. दर 50 डॉलर असल्यास 2,45,700 डॉलर. हमीचा पगार याहून बराच जास्त असेल, तर हमी संपल्यावर तो घसरणार, हे उघड आहे. दवाखाना मिटल्यावर घरी बसून रुग्णांच्या संदेशांना दिलेली उत्तरे आणि पाहिलेले रिपोर्ट या हिशेबात फारसे येत नाहीत. म्हणून त्या कामासाठी आठवड्यातला राखीव वेळ मागून घ्यावा. मित्राच्या आकड्यालाही रात्रीच्या कॉलसह (रात्री बोलावणे येईल म्हणून तयार राहण्याची पाळी) सगळ्या तासांनी भागावे.

फॅमिली मेडिसिनची रेसिडेन्सी 3 वर्षांची, तर हृदयरोगासाठी इंटर्नल मेडिसिनची 3 आणि फेलोशिपची (रेसिडेन्सीनंतरचे विशेष प्रशिक्षण) आणखी 3 वर्षे लागतात. मधल्या 3 वर्षांची बुडालेली कमाई स्पेशालिस्टच्या बाजूने वजा करावी. प्रशिक्षणासाठीच्या जे-1 व्हिसावर असलेल्यांनी कॉनराड 30 सवलतीचाही विचार करावा. प्रशिक्षणानंतर 2 वर्षे मायदेशी परतण्याच्या अटीतून ही सवलत सूट देते, पण त्याबदल्यात डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात 3 वर्षे काम करावे लागते, आणि ती देताना अनेक राज्ये फॅमिली डॉक्टरांना प्राधान्य देतात.