मालिकेतलं माणूस गेलं तर काय करावं

मी मिरजेत नर्स आहे, बावीस वर्षं झाली. वॉर्डात माणूस गेलं तरी डोळ्यांत पाणी आणता येत नाही, शेजारच्या कॉटवरचा घाबरतो. पण 'आउटलँडर' या इंग्रजी मालिकेतला अँगस गेला त्या दिवशी नाइट करून आलेली मी, डबा न धुता, साखरेच्या डब्याला फोन टेकवून हुंदके देत होते. लेक म्हणाली, "आई, अगं खोटं आहे ते." असं म्हणणाऱ्याशी वाद घालू नका. आधी रडून घ्या.

(मालिका बघायची राहिली असेल तर पुढचं वाचू नका. क्लेअर ही दुसऱ्या महायुद्धातली नर्स. १९४५ साली स्कॉटलंडच्या डोंगरात उभ्या शिळांमधून ती १७४३ सालात जाऊन पडते.)

मग दुसऱ्या दिवशी, पोटभर जेवून, तोच प्रसंग परत बघा. नेमकं कुठं लागलं ते शोधायचं. प्रेस्टनपॅन्सची लढाई, सप्टेंबर १७४५. रुपर्टला तलवारीचा मोठा वार, सगळी धावपळ त्याच्यासाठी. अँगस तोफेच्या धडाक्यानं उडून पडलेला, पण बोलतोय, जिवलग मित्राची काळजी करतोय. आणि एकाएकी कोसळतो, तोंडातून रक्त. आत रक्तस्राव होत होता, कुणाला दिसलाच नाही.

ट्रेनिंगला आमच्या सिस्टर सांगायच्या, ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे, गप्प बसलाय त्याला आधी बघ. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मोटारसायकलवरचे दोघं आले होते. एकाचा पाय मोडलेला, आरडाओरडा. दुसरा बाकावर बसून, मित्राची चप्पल हातात धरून. पाणी मागितलं त्यानं मला. मी "थांब हं" म्हणाले. तेव्हा रडले नव्हते.

तुमचं कारण वेगळं निघेल, किंवा काहीच निघणार नाही, नुसता अँगस आवडत असेल. तेही चालतं.

आता इतिहास. भाग चालू असताना गुगल करायचं नाही, नंतर मात्र जरूर वाचा. क्लेअरला कलोडनच्या लढाईचा निकाल ठाऊक असतो, तो टाळायला ती जिवाचं रान करते. तरी १६ एप्रिल १७४६ उजाडतोच. लढाई तासभरही चालली नाही आणि जॅकोबाइटांचा, म्हणजे अँगस-रुपर्ट ज्या बाजूनं लढले त्या बंडखोरांचा, चुराडा झाला. आपल्याला हे दुखणं नवीन नाही. पानिपताचं कुठलंही पुस्तक उघडा, शेवट शाळेपासून माहीत, तरी विश्वासराव रणात दिसला की वाटतं, यावेळी वाचेल. कलोडनच्या माळावर फ्रेझर कुळाचा दगड आहे, १८८१ साली बसवलेला. क्लेअरचा नवरा जेमी फ्रेझर, त्याचे चाहते तिथं फुलं ठेवतात. जेमी काल्पनिक, खाली पुरलेली माणसं खरी. मला त्यात वावगं वाटत नाही, फुलं काही परत जात नाहीत.

पुस्तकं वाचणार असाल तर एक फायदा सांगते. पुस्तकात जेमीचा धर्मपिता मर्टा कलोडनला मरतो, मालिकेत मात्र तो त्यातून वाचतो. मी पुस्तक आधी वाचलेलं. तुरुंगात तो जिवंत दिसला तेव्हा देवापुढे साखर ठेवली, लेकीनं फोटो काढून सगळ्या मावश्यांना पाठवला.

बाकी किरकोळ: नाइटच्या आधी युद्धाचा भाग लावू नका. नटाला त्याच्या पात्राबद्दल बोल लावू नका, त्याचं ते पोट आहे. आणि एका दिवशी एकच भाग. हे मला जमत नाही.

लेक आता स्वतःच बघतेय, दुसरा सीझन संपवला. परवा स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आई, रुपर्ट तरी वाचतो ना?"

मी मेथी निवडत राहिले.