हात काढताना बोटं सगळ्यात शेवटी

हात काढायला घेतला की बरेच जण डायरेक्ट बोटांपासून सुरू करतात आणि मग ती भेंड्यांसारखी सरळसोट दिसतात. आधी तळव्याचा चौकोनी ठोकळा काढा, एचबी पेन्सिलने अगदी हलक्या हाताने, आणि चारही बोटं मिळून एकच आकार धरा, हातमोजा घातल्यासारखा, वेगळी नंतर करायची. मागच्या बाजूने बघितलं तर मधलं बोट साधारण तळव्याएवढंच लांब असतं, पण तळव्याकडून तेच बोट आखूड दिसतं कारण बोटांमधली कातडी तिकडे वरपर्यंत येते, हे खूप जणांच्या लक्षातच येत नाही. बोटांची मुळं सरळ रेषेत नसतात बरं का, कमानीत असतात, करंगळीचं सगळ्यात खाली.

घरात कोणी लसूण सोलत बसलं असेल ना तर शेजारी वही घेऊन बसाच! अंगठ्याच्या बुडाचा फुगीर भाग कसा दबतो, पेरांवर सुरकुत्या कुठे ताणल्या जातात, सगळं समोर दिसतं. सावलीला २बी पेन्सिल, आणि त्याहून गडद ४बी फक्त बोटांच्या फटीत. नखांना काळी बॉर्डर मात्र नको, कडेला थोडीशी सावली दिली की पुरे.