फॉर्ममधला प्रत्येक रकाना कुणाला तरी सांभाळावा लागतो

नागपुरात नंदनवन, हनुमाननगर, मानेवाडा या पट्ट्यात गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. एमपीएससीची, पोलीस भरतीची तयारी करणारी भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडची पोरंपोरी तिथे सकाळपासून रात्रीपर्यंत बसतात. अशा अभ्यासिकांच्या, मुलींच्या होस्टेलच्या आणि मेसच्या छोट्या वेबसाइट मी बनवून देते. चार-पाच पानं, प्रवेशाचा फॉर्म, फोटो, नकाशा, झालं. मालक म्हणतात, "ताई, एवढ्याशा साइटला कायची आली प्रायव्हसी? आपलं कोण पाहून राहिलं?"

पण मुलीचं नाव, फोटो, मोबाईल नंबर आणि ती रोज कोणत्या वेळी कुठे बसलेली असते, हे सगळं एका जागी सापडतं ते याच एवढ्याशा साइटकडे. नंबर फुटला की तिला रात्री-बेरात्री अनोळखी फोन सुरू होतात. घरी कळलं तर "परत ये" म्हणतील, म्हणून ती सांगतही नाही. म्हणून मी साइटच्या रंगरूपाआधी फॉर्मवर बसते.

मालकाकडे आधीचा कागदी फॉर्म असतोच. त्यात नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, जात, रक्तगट, आधार क्रमांक, दोन मोबाईल, गावचा पत्ता, फोटो, सगळं असतं. तोच वेबसाइटवर चढवायचा असतो. मी प्रत्येक रकान्यावर बोट ठेवून विचारते, याचं तुम्ही काय करता? "राहू द्या नं, पुढे कामी येईल" असं उत्तर आलं की तो रकाना मी काढते. एका वाक्यात उपयोग सांगता आला तरच ठेवायचा. जात अभ्यासिकेला लागत नाही. रक्तगट लागत नाही. जन्मतारखेऐवजी "१८ वर्षं पूर्ण आहेत का" एवढं विचारलं तरी भागतं. घरच्यांचा नंबर अडचणीच्या वेळेसाठी हवा, तो काउंटरवर घ्यावा. साइटवर शेवटी उरतं ते नाव, एक मोबाईल नंबर, १८ पूर्ण आहेत का आणि सकाळची पाळी हवी की दिवसभराची.

आधारवर सगळ्यात जास्त वाद होतो. ओळख पटवायची असेल तर कार्ड काउंटरवर बघा आणि हातोहात परत द्या. होस्टेलला प्रत ठेवावीच लागत असेल, तर मास्क्ड आधार मागा. ते यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, साइटवरून विद्यार्थ्याला स्वतःच उतरवता येतं आणि त्यात क्रमांकाचे फक्त शेवटचे ४ अंक दिसतात. वेबसाइटच्या फॉर्मवर मात्र आधारचा फोटो कधीच चढवायला लावू नका. का, ते दाखवते.

वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवरच्या फॉर्ममधून चढवलेल्या फाइली बऱ्याचदा 'अपलोड्स' नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन पडतात, आणि ते फोल्डर फोटो सगळ्यांना दिसावेत म्हणूनच उघडं ठेवलेलं असतं. तुमच्या साइटवर तपासून बघा. खोट्या नावानं फॉर्म भरा, आधारच्या जागी फुलाचा फोटो चढवा. मग डॅशबोर्डमध्ये जाऊन त्या फाइलचा पूर्ण पत्ता कॉपी करा. ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी उघडा, म्हणजे तुम्ही लॉगिन नसाल, आणि तिथे तो पत्ता पेस्ट करा. फूल दिसलं, तर खऱ्या मुलींची आधार कार्डंही तशीच दिसतील. दुसऱ्या कुणी बनवलेल्या एका होस्टेलच्या साइटवर मी हे स्वतः पाहिलं. वर फोल्डरची अख्खी यादीही उघडत होती, म्हणजे पत्ता माहीत असण्याचीही गरज नव्हती. ती यादी होस्टिंगच्या सीपॅनेलमध्ये, म्हणजे साइट जिथे ठेवलीय त्या सर्व्हरच्या सेटिंगच्या पानावर, 'इंडेक्सेस' या पर्यायातून बंद होते. ते कराच, पण खरा उपाय म्हणजे फाइल चढवायचा रकानाच काढून टाकणं.

आता तोच खोटा अर्ज पुढे कुठे कुठे जातो, त्याचा माग काढा. साइटच्या डेटाबेसमध्ये एक प्रत, मालकाच्या जीमेलमध्ये दुसरी, गुगल शीटमध्ये तिसरी. आणि मॅनेजर स्क्रीनशॉट काढून कामगारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो, ती चौथी. त्या ग्रुपमध्ये गेल्या वर्षी काम सोडून गेलेला पोरगा अजून असतो. शीटच्या 'शेअर'मध्ये 'एनीवन विथ द लिंक' दिसलं, तर लगेच 'रिस्ट्रिक्टेड' करा. दोन जागा ठेवा, बाकीच्या बंद करा. नव्या प्रवेशाची खबर ग्रुपवर द्यायची असेल, तर "सकाळच्या पाळीत एक जागा भरली" एवढं पुरतं. दाराशी ठेवलेल्या रजिस्टरचंही बघा. सही करताना प्रत्येकाला वरच्या दहा जणांचे नंबर वाचता येतात. तिथला मोबाईलचा रकाना काढा, नुसतं नाव आणि वेळ राहू द्या.

कुणी फॉर्म न भरताही साइट बरंच काही घेते. सर्व्हरच्या लॉगमध्ये येणाऱ्याचा आयपी ॲड्रेस (त्याच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक), वेळ, ब्राउझर याची नोंद होतेच. सुरक्षेसाठी ती लागते. माझा आक्षेप आहे तो आपल्या साइटवरून तिसऱ्याकडे जाणाऱ्या माहितीला. कॉम्प्युटरवर साइट उघडा, एफ-१२ दाबा, 'नेटवर्क' निवडा आणि पान ताजं करा. आपल्या नावाशिवाय दुसरी किती नावं यादीत येतात, ते मोजा. गुगलचे फॉन्ट, नकाशा, यूट्यूबचा व्हिडिओ, फेसबुकचा पिक्सेल (जाहिरातींसाठी पाहुण्याचा माग ठेवणारा कोड), प्रत्येकाकडे पाहुण्याचा आयपी पोहोचलेला असतो. फॉन्ट आपल्याच सर्व्हरवर ठेवता येतात. नकाशा जडवण्याऐवजी जगनाडे चौकातून कसं यायचं ते दोन ओळींत लिहा आणि खाली नकाशाची लिंक द्या, ज्याला हवा तो दाबेल. यूट्यूबचा एम्बेड कोड घेताना 'प्रायव्हसी-एन्हान्स्ड मोड'वर टिक करा. पिक्सेल काढा. किती जण आले एवढंच हवं असेल, तर गोटकाउंटर किंवा स्वतःच्या सर्व्हरवरचं माटोमो पुरे.

एचटीटीपीएस नसलेली साइट, म्हणजे जिच्यावर भरलेली माहिती वाटेत कुणालाही वाचता येते अशी, सुरूच करू नका. त्यासाठी लागणारं लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट मिळतं, आपोआप नूतनीकरण चालू आहे ना तेवढं होस्टिंगवाल्याला विचारा.

कायद्याचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं ऑगस्ट २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत मिळाली. दंडाची कमाल २५० कोटी रुपये आहे. तो आकडा दाखवून मी मालकांना घाबरवत नाही, पण तीन गोष्टी आत्ताच करायला लावते. पहिली, संमतीची चौकट रिकामी असावी, आधीच टिक केलेली नको. आणि प्रवेशाची संमती वेगळी, व्हॉट्सॲपवर जाहिराती पाठवायची वेगळी. दुसरी, १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते. अभ्यासिकेत अकरावी-बारावीची नीटवाली पोरं असतातच, त्यांचा ऑनलाइन फॉर्म घेऊच नका, आईवडिलांना काउंटरवर बोलवा. तिसरी, माहिती कशाला घेता हे मराठीतही सांगा. संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांचा पर्याय देणं कायद्यातच आहे.

प्रायव्हसीचं पान मी शेवटी लिहिते, कारण वरचं सगळं झाल्याशिवाय त्यात खरं काय लिहायचं तेच ठरत नाही. दुसऱ्या साइटवरून उचललेलं दहा पानी इंग्रजी नको. त्यात 'आमचे व्यावसायिक भागीदार' असतात, आणि आपल्याकडे तर मालक आणि मॅनेजर दोघंच. असं लिहा: "या फॉर्मवर आम्ही तुमचं नाव, मोबाईल नंबर, १८ वर्षं पूर्ण आहेत का हे आणि बसायची वेळ एवढंच घेतो. ही माहिती मालक आणि मॅनेजर दोघांनाच दिसते. कुणालाही विकत किंवा देत नाही. कायद्यानं मागितली तरच द्यावी लागते. तुम्ही अभ्यासिका सोडल्यावर ९० दिवसांनी ती पुसतो. आधी पुसून हवी असेल तर या ईमेलवर कळवा." खाली तारीख टाका. यातलं एखादं वाक्य पाळणार नसाल, तर ते लिहू नका. फीच्या पावत्या हिशेबासाठी जास्त काळ ठेवाव्या लागतात, तर तेही तिथेच सांगा.

पुसण्याचं काम कुणाच्या तरी नावावर हवं, नाहीतर होत नाही. मॅनेजरच्या फोनवर दर महिन्याच्या १ तारखेचं रिमाइंडर लावून द्या. त्या दिवशी, सोडून ९० दिवस झालेल्यांची नावं शीट, डेटाबेस, मेल यांतल्या ज्या दोन जागा ठेवल्या तिथून काढायची, मेल त्यात असेल तर त्याचा ट्रॅशही रिकामा करायचा. वर्डप्रेसमध्ये 'टूल्स'खाली 'इरेज पर्सनल डेटा' आहे, पण फॉर्मसाठी वेगळं जोडलेल्या प्लगइनमधल्या नोंदी त्यानं जातीलच असं नाही, त्या उघडून बघाव्या लागतात. बॅकअप किती दिवसांचे राहतात, ते होस्टिंगवाल्याला विचारून ठेवा. मग एखाद्या मुलीनं "माझा नंबर काढा" असं कळवलं, तर कारण न विचारता काढायचा आणि उत्तर द्यायचं: "तुमची नोंद आज काढली. जुन्या बॅकअपमध्ये ती अमुक तारखेपर्यंत राहील, त्यानंतर तिथूनही जाईल." अमुकच्या जागी खरी तारीख घाला.