ॲक्रेलिकचा तडा कुठे वळतो ते तोडून बघायचं असेल तर

आधी एक खडू घ्या. वाकवून तोडला तर सरळ आडवा तुटतो, पण दोन्ही टोकं धरून पिळला की तुटलेली कड स्क्रूच्या आट्यासारखी तिरकी फिरते, साधारण ४५ अंशात, कारण पिळताना ओढ तिरकी बसते आणि तडा त्या ओढीला काटकोनात जातो. ॲक्रेलिकसारख्या ठिसूळ प्लास्टिकचंही हेच आहे.

आता ॲक्रेलिकच्या ३ पट्ट्या घ्या, १० मिमी जाड, ४० मिमी रुंद, २०० मिमी लांब. पातळ घेऊ नका, बाजूला कलंडते. पट्टी कडेवर उभी ठेवायची, खाली १६० मिमी अंतरावर दोन टेकू, वरून बरोब्बर मध्ये दाब. खालच्या कडेला हॅकसॉने १० मिमीची चीर पाडायची आणि मग चिरेच्या टोकाशी नवं ब्लेड ठेवून हलकं ठोकायचं. ही पायरी गाळू नका राव. मी एकदा घाईत करवत जोरात चालवली, प्लास्टिक तापून वितळलं, टोक बोथट झालं, पट्टी बराच वेळ तुटेचना आणि तुटली तेव्हा मोठा आवाज होऊन तुकडे चेहऱ्याकडे आले. गॉगल होता म्हणून ठीक.

पहिल्या पट्टीत चीर मध्यावर, दाबाच्या खालीच. तडा सरळ वर जातो, नुसतं उघडणं आहे, म्हणजे चिरेच्या दोन्ही बाजू एकमेकींपासून लांब जातात.

दुसरीत चीर ४० मिमी बाजूला सरकवा. आता उघडण्यासोबत थोडं घसरणंही येतं, म्हणजे चिरेची एक बाजू दुसरीवरून चिरेच्या दिशेत सरकते, आणि तडा चिरेची दिशा सोडून तिरका दाबाच्या जागेकडे वळतो. नुसतंच घसरणं असेल तर वळण जवळपास ७० अंशांचं येतं, एर्दोगान आणि सिह या संशोधकांनी १९६३ साली ॲक्रेलिकच्याच पाट्यांवर हे मांडलं होतं.

तिसरी सगळ्यात भारी. चीर मध्यावरच पण वरून बघितल्यावर जाडीत तिरकी पाडायची, म्हणजे फाडणं मिसळतं, कागद फाडताना होतं तसं दोन्ही बाजू जाडीच्या दिशेत उलट सरकतात. तुटलेला भाग उजेडात तिरका धरा, चिरेला लागून छोट्या छोट्या तिरक्या पायऱ्या दिसतील, कारण तड्याची अख्खी कड एकदम फिरू शकत नाही, तुकड्यातुकड्याने फिरते. नखाने पण जाणवतात.

आणि हो, पट्ट्या स्पिरिटने पुसू नका, ताण आला की बारीक भेगांचं जाळं उठतं आणि मग तडा कशामुळे गेला ते कळत नाही.